वन्संच्या ताब्यातल्या बॅटऱ्या

वन्सं बॅटरीचा वास घेत. प्रत्येक बॅटरी नाकाशी धरायची, डोळे मिटायचे, दोन क्षण थांबायचं. नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा गोडसर वास आला की ती बॅटरी बाद. माझ्या हातची भाजीही त्या अशाच हुंगत, आणि ती पास झाली की बाद हे त्यांच्या चेहऱ्यावरून कधी कळत नसे. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. मला त्या आवडत नव्हत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण गेलेल्या माणसाबद्दल लोक फार गोड लिहितात, आणि वन्संना ते मुळीच खपलं नसतं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची, प्रशांतची, थोरली बहीण. लग्न केलं नाही. धारला खोली घेऊन राहिल्या आणि रोज शिफ्टच्या बसने पीथमपुरला जाऊन एका कारखान्यात वायरिंग तपासायचं काम वीस-बावीस वर्षं केलं. रिटायर झाल्या आणि देवासला आमच्याकडे आल्या. आम्ही तेव्हा नुकतंच बागलीच्या रस्त्याला एक पडीक शेत घेऊन एअरसॉफ्टचं मैदान सुरू केलं होतं. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या, पण प्लास्टिकचे बारीक छर्रे मारणाऱ्या बंदुका, टायरच्या भिंती, रेतीची पोती, आणि तोंडाला जाळीचा मुखवटा लावून धावणारी ऑफिसातली पोट सुटलेली माणसं. त्या बंदुकांमध्ये लिथियम पॉलिमरची बॅटरी असते, चिक्कीच्या वडीएवढी. हलकी, जोरकस आणि रागीट. अगदी तुझ्या अक्कासारखी, असं मी एकदा प्रशांतला म्हणाले. तो हसला नाही.

महिन्याभरात सगळ्या बॅटऱ्या वन्संच्या ताब्यात गेल्या. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण चार्जरबरोबर आलेला कागद त्यांनी प्रशांतकडून तीनदा वाचून घेतला आणि पाठ केला. डाव संपला की बंदुकीतून बॅटरी काढायचीच. काढल्यावर ती निवेपर्यंत चार्जरला लावायची नाही. आठवडाभर खेळ नसेल तर पूर्ण भरूनही ठेवायची नाही आणि पूर्ण उतरवूनही नाही. तिच्यातला प्रत्येक सेल मोजून तीन पॉइंट आठ व्होल्टवर आणायचा आणि मग बॅटरी पत्र्याच्या पेटीत सावलीला ठेवायची. "भरून ठेवलीस तर फुगेल, रिकामी ठेवलीस तर मरेल," त्या मला सांगत, जणू मी रोज दोन-चार मारतच होते.

चार्जिंग लावलं की त्या शेडमध्ये स्टूल टाकून बसत. फोन नाही, पेपर नाही. एकदा मी म्हटलं, "वन्सं, जेवून तरी घ्या, अर्धा तास काय होतंय?" तर म्हणाल्या, "गॅसवर दूध ठेवून तू बाजारात जातेस का? जात असशील म्हणा. तुझं काही सांगता येत नाही."

हे असं रोज. आणि लोकांसमोर. एकदा मे महिन्यात मी दोन बॅटऱ्या गाडीच्या डिकीत विसरले. वन्संनी डिकी उघडली, हात लावून पाहिला आणि इंदूरहून आलेल्या पंधरा माणसांपुढे मला झापलं. "डिकी आहे का भट्टी? ही म्हणे बी.एस्सी. झालीय! काय शिकवतात तुमच्या कॉलेजात?" त्यातला एक जण हळूच दुसऱ्याला म्हणाला, "भिया, आंटी तो गन से भी खतरनाक है." सगळे हसले. मी त्या दिवसापासून वन्संशी सरळ बोलणं सोडलं. जे सांगायचं ते प्रशांतमार्फत. त्यांनाही ते सोयीचंच होतं. "वन्संना सांग, ताट वाढलंय," मी म्हणे. "तिला सांग, दिसतंय," त्या म्हणत. मी तिथेच उभी असे.

मग तो रविवार आला. वन्सं पेन्शनच्या कागदांसाठी आदल्या दिवशीच धारला गेल्या होत्या. जाताना पेटीची किल्ली प्रशांतला दिली आणि बजावलं की शेडबाहेरच्या रेतीच्या बादलीत दोन फुगलेल्या बॅटऱ्या आहेत, त्यांना कुणी हात लावायचा नाही. मी ऐकलं होतं. सकाळीच पीथमपुरहून बारा जणांचा गट आला आणि आमच्याकडच्या दोन चांगल्या बॅटऱ्या पार उतरलेल्या निघाल्या, चार्जरही त्यांना घेईना. "दीदी, हमारे दो बंदे खाली बैठे हैं," त्यांचा म्होरक्या सारखा येऊन सांगू लागला. प्रशांत मैदानाच्या पार टोकाला पंच म्हणून उभा होता. मी बादलीत हात घातला. वरची बॅटरी थोडीशीच फुगली होती. मनात म्हटलं, वन्संना सगळंच फुगलेलं दिसतं. ती चार्जरला लावली आणि चहा द्यायला गेले.

आधी शिट्टीसारखा आवाज आला. मग पांढरा धूर, आणि वळून पाहते तो शेडच्या ताडपत्रीपर्यंत ज्वाळा. प्रशांत धावत आला. शेजारच्या फळीवर बाकीच्या बॅटऱ्यांची पेटी होती. तिला आग लागली असती तर काहीच राहिलं नसतं. त्याने ती पेटी ओढून बाहेर फेकली. तेवढ्यात त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. खेळायला आलेल्या लोकांनी पोती फाडून रेती टाकली. सहा बंदुका आणि शेड गेली. माणसं वाचली.

दवाखान्यात प्रशांतने विचारलं, "कुठली बॅटरी होती?"

मी म्हटलं, "पेटीतलीच. वन्संनी चांगली म्हणून ठेवलेली."

हे वाक्य मी ठरवून बोलले नाही. पण बोलल्यावर परतही घेतलं नाही.

वन्सं दुपारच्या बसने आल्या. आधी मैदानावर गेल्या, मग दवाखान्यात. प्रशांत त्यांना फार हळू आवाजात म्हणाला, "अक्का, चूक कुणाकडूनही होते. तुझी नजर आता पहिल्यासारखी नाही. बॅटऱ्यांचं मी बघत जाईन." वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी सलाईनच्या बाटलीकडे पाहत राहिले. "बघ," एवढंच त्या म्हणाल्या. दोन दिवसांनी पिशवी भरून त्या धारला निघून गेल्या. मला हायसं वाटलं. खरंच वाटलं.

ते फार टिकलं नाही. नवी शेड झाली आणि प्रशांतने चार्जर लावून जेवायला यायला सुरुवात केली. मी म्हटलं, "तिथे कुणी बसलं नाहीये." तो म्हणाला, "अक्का बसायचीच ना? काय फायदा झाला? यार, हे सगळे नियम बेकार आहेत. व्हायचं ते होतंच." आणि शांतपणे वरण-भात कालवू लागला. त्याच्या हाताची कातडी अजून गुलाबी होती. माझं खोटं फक्त वन्संच्या नावावर गेलं नव्हतं, ते आता आमच्या शेडमध्ये चार्जरला लागलं होतं. मी तिथेच, ताटावर, त्याला सगळं सांगितलं. तो उठला, जाऊन चार्जर बंद करून आला, आणि चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

पाचव्या दिवशी मी एकटीच धारला गेले. वन्सं गल्लीतच सापडल्या. जिन्याखाली इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लावली म्हणून घरमालकाशी भांडत होत्या. "आग लागली तर वरची माणसं उतरणार कुठून?" घरमालक बिचारा वायर गुंडाळत होता. मला पाहून त्यांनी ये म्हटलं नाही, बस म्हटलं नाही.

"वन्सं, मी खोटं बोलले. ती बादलीतली होती."

"मला काय सांगतेस? बादलीत एक कमी होती. मी त्याच दिवशी मोजली."

"मग बोलला का नाहीत?"

"त्याचा हात भाजला होता. त्याला भरवणार कोण, पट्टी कोण बदलणार? तुमचं भांडण लावून देऊन मी निघून जाऊ?" त्या माझ्याकडे पहिल्यांदाच सरळ बघत होत्या. "म्हणून माफ केलं असं समजू नकोस. ते मी करणार नाही. प्रशांतला सांगितलंस?"

"सांगितलं."

"बरं केलंस. आणि बादलीतली दुसरी कुठे आहे?"

"नव्या शेडमध्येच. बांधताना बादली आत आली, ती कोपऱ्यात तशीच आहे."

"दोन महिने?" वन्संचा आवाज इतका चढला की घरमालक आत पळाला. "लाव फोन. आत्ता लाव!"

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. दोन महिन्यांत बहीण-भाऊ एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. पलीकडून प्रशांत काहीतरी म्हणाला; मला फक्त 'अक्का' ऐकू आलं, आणि मग नुसताच रडण्याचा आवाज.

"रडायचं नंतर," वन्सं म्हणाल्या. "आधी ती बादली शेडबाहेर काढ. बॅटरीला हात लावू नकोस, दाबू नकोस, बादलीसकट उचल. उघड्यावर, वाळल्या गवतापासून लांब. ई-कचरा घेणाऱ्याला आजच बोलाव आणि ती फुगलेली आहे हे त्याला आधी सांग. कचऱ्याच्या गाडीत टाकशील तर याद राख." मग त्यांनी घसा खाकरला. "हात वळतो का रे पूर्वीसारखा? मूठ मिटते?"

तो काय म्हणाला, मला ऐकू आलं नाही. वन्संनी फोन माझ्या हातात दिला आणि पदराने चष्मा पुसला.

"चारची बस मिळेल तुला," त्या म्हणाल्या. "नीघ. मी यायची नाही."

आल्या नाहीत. प्रशांत दर आठवड्याला धारला जात असे. मी त्यानंतर एकदाच गेले, त्या वारल्या त्या दिवशी.