चूक पुस्तकाची होती

मारुंजीच्या चौकात, चहाच्या टपरीला लागून, मोबाइल दुरुस्तीचं एक दुकान आहे. दुकान कसलं, एक टेबल, एक दिवा आणि भिंगाखाली वाकलेलं एक डोकं. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी तिथून चालत येते तेव्हा टेम्पोंचे हॉर्न, बांधकामांची धूळ, तळणाचा धूर असा सगळा गदारोळ भोवती असतो, आणि त्यातून अवचित राळेचा वास नाकाशी येतो. बोर्डावर जोड द्यायच्या सोल्डरच्या तारेत राळ असते. तापलेल्या टोकाला ती टेकली की निळसर धुराची एक बारीक रेघ उठते, आणि धुपाशी दूरचं नातं सांगणारा तो वास क्षणभर दरवळून विरून जातो. माझे पाय थबकतात. मागून येणारे मोटरसायकलवाले शिव्या घालतात आणि मी मात्र कासारसाईच्या वाटेवरच्या एका पत्र्याच्या दुकानात, रविवारच्या उन्हात, जाऊन पोचलेली असते.

मी मूळची खानदेशातली. हिंजवडीच्या एका कंपनीत मदतपुस्तिका लिहिते. कुठलं बटण दाबलं की काय होतं, ते इंग्रजीतून समजावून सांगते. वीस वर्षं हेच केलं, पण बटणाच्या पलीकडे, त्या डब्याच्या आत काय चालतं, ते मला कधी उमगलं नव्हतं. आमच्या शाळेत एक संगणक होता. त्याला मखमली झूल होती आणि त्याच्या खोलीला कुलूप. वर्षातून एकदा चपला बाहेर काढून, रांगेने, आम्ही त्याचं दर्शन घ्यायचो आणि बाई बजावायच्या, हात लावायचा नाही. त्या वेळी मुकाट्याने मागे घेतलेला हात चाळिशी उलटल्यावर शिवशिवायला लागला. मी ठरवलं, तसाच जुन्या धाटणीचा, आठ बिटांचा एक संगणक एकेक तार जोडून आपल्या हातांनी बांधायचा. सुटे भाग मागवले, इंटरनेटवरचे इंग्रजी लेख वाचले. त्या प्रत्येक लेखात कुठे ना कुठे असं वाक्य असायचंच की हे तर तुम्हाला ठाऊक असेल. मला ठाऊक नसायचं. मी बांधलेला संगणक अर्थातच चालला नाही.

तो पिशवीत घालून मी कासारसाईच्या वाटेवर, पत्र्याच्या दुकानात बसणाऱ्या काकांकडे गेले. काका जवळच्याच नांदे गावचे. उभी हयात रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करण्यात गेलेली. आता दुकानात मिक्सर आणि पंखे तेवढे येत. त्यांनी माझा बोर्ड उजेडात धरला, त्यावरची चाळीस पायांची काळी आयसी, म्हणजे संगणकाचा मेंदू असलेली चिप, बोटाने पुसली आणि जुना सोबती भेटावा तसे हसले. म्हणाले, "हिला लई वर्सांनी बघतुया. तुमी कुनाचं बघून केलंय ह्ये?"

मी इंग्रजी लेखांचा गठ्ठा पुढे केला. त्यांनी तो उघडलासुद्धा नाही.

"मग आपुनच लिवू की मराठीत. ज्याला काय बी येत न्हाई, त्याच्यासाठी."

इतक्या सहज ते बोलले की नाही म्हणायला फटच राहिली नाही. रविवारी मी वही घेऊन जायची, काका सांगायचे, मी लिहायची. वीज म्हणजे काय इथपासून सुरुवात. ऑफिसातले लोक हसले. मराठीत कोण वाचणार, असं एकाने विचारलं, आणि मी त्याला फटकन म्हटलं की ज्याला मराठी वाचता येतं तो. उत्तर साधं होतं, पण ते देताना माझा आवाज जो चढला त्याचं माझं मलाच नवल वाटलं.

मावशी आल्या त्या मिक्सर घेऊन. मुळशी धरणाच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत त्यांची वाडी. पिरंगुटच्या एका कारखान्यात त्या बोर्डांवर सोल्डर मारायचं काम करीत. काका मिक्सर उघडेपर्यंत त्या उभ्या राहिल्या आणि माझ्या बोर्डाकडे बघून त्यांना राहवेना.

"ह्ये कुनी लावलंय? गवऱ्या थापल्यागत?"

मी लावलंय, असं कबूल केलं. त्यांनी पदर खोचला, माझ्या हातातून सोल्डरगन काढून घेतली आणि चार टाके मारून दाखवले. पावसाचा थेंब पानावर टेकून राहावा तसे ते टाके होते, गोल आणि चकचकीत. काकासुद्धा खुर्चीतून उठून बघायला आले. मग त्या बोलल्या ते मी त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवलं. "पंधरा वर्सं त्येच चार टाके मारत्याय. पुढं त्या बोर्डाचं काय व्हतं, कुनी सांगितलं न्हाई. म्या बी इचारलं न्हाई. ह्यात काय चालतं त्ये सांगशीला?"

अशी आम्ही तिघं झालो. सोल्डरिंगचं प्रकरण मावशींनी सांगितलं आणि मी त्यांच्याच शब्दांत लिहिलं. 'टोक आधी टाक्याला लावा, तार मागनं द्या. तार टोकाला न्हाई, टाक्याला पाजायची' हे वाक्य मी कितीही घोटून पाहिलं तरी त्याहून नेमकं मला लिहिता आलं नाही. बाकीची पानं त्या मोठ्याने वाचत आणि 'साहजिकच', 'उघडच', 'सोपं आहे' हे शब्द आले की बोट ठेवत. "कुनाला सोपं?" त्या विचारायच्या. माझी वीस वर्षांची लिहिण्याची सवय त्या बोटाखाली एकेक शब्दाने गळून पडत होती आणि, खरं सांगते, मला ते झोंबत होतं.

पुस्तक बरंचसं झालं तेव्हा काकांनी परीक्षा ठरवली. मावशींनी केवळ पुस्तक वाचून संगणक बांधायचा आणि आम्ही दोघांनी तोंड उघडायचं नाही. पहिला टप्पा छोटा होता. या आयसीला 'काहीच करू नको' ही आज्ञा शून्याने देतात. तिच्याकडे जाणाऱ्या आठही तारा शून्यावर बांधून ठेवल्या की काहीच न करता ती स्मृतीच्या एका घरातून पुढच्या घरात, तिथून पुढच्या घरात चालत राहते, आणि बाजूला लावलेले दिवे तिची पावलं मोजतात. तीन रविवार मावशी बांधत होत्या. चौथ्या रविवारी वीज दिली. एकही दिवा लागला नाही. मावशींनी आयसीवर बोट टेकवलं आणि चटका बसून मागे घेतलं. काकांनी झटक्यात वायर ओढली, पण जळका वास सुटलेला होता. आमच्याकडच्या दोन आयसींपैकी एक गेली.

आणि मी बोलले. बोलायचं नाही असं ठरलेलं असताना बोलले. "तुम्ही नीट वाचलं नाहीत, मावशी."

त्यांनी बोर्ड टेबलावर ठेवला. हात पदराला पुसले. "म्या जसं लिवलंय तसं केलंय," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. पुढचे दोन रविवार आल्या नाहीत. काकांनी मला बोल लावला नाही, पण वही उघडली की ते पंखा दुरुस्त करायला घेत.

तिसऱ्या रविवारी मी तो जळका बोर्ड आणि पुस्तक शेजारी ठेवून, मला काहीच येत नाही असं स्वतःला बजावत, पहिल्या ओळीपासून वाचत गेले. आयसीच्या पायांचे क्रमांक दाखवणारं चित्र आलं आणि मी जळका बोर्ड हातात घेऊन पालथा केला. चित्र वरून काढलेलं होतं. सोल्डर मारताना माणूस बोर्ड उलटा करतो. खालून पाहिलं की डावं उजवं होतं, आणि पहिला पाय दुसऱ्याच बाजूला जातो. कारखान्यात मावशींच्या पुढ्यात छापील बोर्ड यायचे, तिथे क्रमांक मोजायची वेळच कधी आली नव्हती. त्यांनी चित्राबरहुकूम, एकही पाय न चुकता, सगळं केलं होतं. चित्र कुठून बघायचं, एवढंच मी लिहिलं नव्हतं. साहजिकच वाटलं होतं मला ते.

मी वाडीवर गेले. भाताची झोडणी चालली होती. मावशी खळ्यावर पेंढ्या आपटत होत्या, आणि माझ्याकडे बघूनही त्यांनी हात थांबवला नाही. मी बांधावर उभी राहून, त्या आवाजावर आवाज चढवून, सगळं सांगितलं.

"म्हंजी चूक माझी न्हवती," त्या म्हणाल्या.

"नाही. चूक पुस्तकाची होती."

"पुस्तक कुनाचं?"

"आपल्या तिघांचं."

"पर त्ये चित्र तुमचं व्हतं."

"हो. माझं होतं."

तेव्हा कुठे पेंढी खाली ठेवली त्यांनी. पाणी दिलं. मग म्हणाल्या, "येते म्या. पर ही चूक पुसू नगा. हितं आयसी जळली, आन् बांधनारीची चूक न्हवती, असं लिवा. पुढं कुनाची जळली तर त्यानं सोताला येडं समजू नये."

त्या पानाला आम्ही स्वतंत्र जागा दिली. उरलेली आयसी घेऊन मावशींनी पुन्हा बांधायला घेतलं आणि थंडी सरता सरता, एका दुपारी, दिवे लागले. पहिला भराभर मिचकत होता, दुसरा त्याच्या निम्म्या चालीने, तिसरा त्याच्याही निम्म्या, आणि शेवटचा एखाद्या वडीलधाऱ्या माणसासारखा, बराच वेळ विचार करून, सावकाश उघडत होता. हनुवटी टेबलावर टेकवून मावशी दिव्यांकडे एकटक बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यात साहेबाला गाठून विचारलं की आपण टाके मारतो तो बोर्ड कशाचा. लिफ्टच्या दाराचा निघाला. म्हणाल्या, आता लिफ्टीत चढले की दाराला नमस्कार करते, पर त्यातला बोर्ड माझाच हाय.

पुस्तकाची कुणकुण लागून शहरातल्या एका कॉलेजच्या विभागप्रमुखांनी आम्हाला बोलावलं. सभ्य माणूस. पुस्तक छापू म्हणाले. सूचना तीनच होत्या. भाषा प्रमाण करावी. जळक्या आयसीचं पान गाळावं, त्याने विश्वासार्हता कमी होते. आणि लेखक म्हणून दोनच नावं ठेवून मावशींचे आभार मानावेत. शेवटी, अगदी गोडीने, ते म्हणाले, "आणि आजच्या काळात याचा उपयोग काय, हे प्रस्तावनेत स्पष्ट करायला हवं."

मी शब्द जुळवत होते. मावशींना जुळवावे लागले नाहीत.

"सर, तुमच्या फोनात काय चालतं त्ये समदं म्हाईत हाय तुमाला?"

ते हसले. "सगळं कसं माहीत असेल? ते कुणालाच नसतं."

"ह्यातलं मला समदं म्हाईत हाय. पयल्या टाक्यापासनं. ह्योच उपेग."

काका उठून उभेच राहिले होते. नोकरीत दुसऱ्यांच्या सूचना मान डोलावून घेत आलेली मी, मी फाइल उचलली आणि म्हटलं, "सर, यातली एकही सूचना आम्ही घेणार नाही." जिना उतरताना मला एकदाही परत जावंसं वाटलं नाही. पुस्तक जसं होतं तसं, तिघांच्या नावांनी, जळक्या पानासकट आम्ही इंटरनेटवर ठेवलं. कुणीही वाचावं, कुणीही दुरुस्त करावं. आता दूरदूरच्या गावांतून दुरुस्त्या येतात. माझी कितीतरी वाक्यं त्यात वाहून गेली. काही पानांवर कोणाचं काय हे मलाच ओळखू येत नाही, आणि लिहिणाऱ्या माणसाला याहून वेगळी अशी काही मुक्ती असते का, मला ठाऊक नाही.

दुकान रस्तारुंदीत गेलं. काका मुलाच्या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. खाली कधीकाळी त्यांचंच भाताचं खाचर होतं. मध्यंतरी बातमी आली की ती आयसी बनवणं कायमचं थांबलं. मी हळहळले. ज्या यंत्राचा जीवच बाजारातून उठला, त्याची वाट दाखवणारं पुस्तक किती दिवस टिकणार? काकांनी गॅलरीतून खाली बघत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गावत न्हाई तर आयसीच आपुन बांदू. तिच्या आत जे चालतं, त्ये सुट्या भागांनी करू." तेवढ्या कामाचा बोर्ड जेवणाच्या टेबलाएवढा होईल, हजारो टाके लागतील. काकांची नजर अधू होत चाललीय, मावशींचे गुडघे बोलतात, माझ्याही डोक्यात आकडेमोड चालू होती आणि तिचं उत्तर मी मोठ्याने सांगितलं नाही. वेळ पुरणार नाही हे आम्हा तिघांनाही कळतं. यंत्रं जातात, गावं जातात, माणसं तर जातातच. पण आपण जायच्या आधी एखादी गोष्ट पुरती समजून घ्यावी, हा हट्ट कुणी काढून घेऊ शकत नाही. काकांच्या हॉलमध्ये, टीव्ही हलवून, जागा केली आहे. पहिला टाका परवा मावशींनी मारला.