अण्णांनी पळवलेली नवरी

आता कुठल्या तोंडानं सांगू! एका भुतापायी मला तुळजापुरात मान वर करून फिरायची चोरी झाली होती. बरं, ते भूत मला दिसलं म्हणून न्हाय. सापडेना म्हणून!

मी तेव्हा नवाच मास्तर. वाचनालयात एक दिवस लहानपणचं भुतांचं पुस्तक हाती लागलं. निजामाच्या राज्यात आमची शाळा उर्दू. मराठी अक्षर म्हणजे तेव्हा मला मुंग्यांची रांग. म्हणून थोरली आक्का मांडीवर पुस्तक घेऊन वाचायची. त्यात एक विहिरीतली नवरी होती. ती तुमच्या आईच्या आवाजात हाक मारते. ‘ओ’ दिली, की तुमची सावली कायमची पाण्यात! मी आईच्या हाकेला ओ देणंच सोडलं. मार किती खाल्ला असेल, विचारू नका.

तर पुस्तक घरी आणून वाचायला बसलो. अहो, भुतं कसली? अजीर्ण झालेली माणसं! आणि नवरी? तिचा पत्ताच न्हाय! मधली पानं जरा उसवलेली. झालं! मी तडक वाचनालयात.

“नवरीचं प्रकरण कुणीतरी फाडलंय!”

कारभारी म्हणाले, “याआधी अण्णांनी नेलं होतं.”

अण्णा म्हणजे निवृत्त हेडमास्तर. तिथंच पेपर वाचत बसलेले.

“मी? मी पान फाडलं?”

“तसं न्हाय अण्णा, पण घरात नातवंडं असतात…”

कशाला बोललो! पेपर वाचणाऱ्यांतला एकजण ओरडला, “अण्णा, देऊन टाका की नवरी!” दिवस मावळायच्या आत बाजारभर झालं, अण्णांनी नवरी पळवली! या वयात! दुसऱ्या दिवसापासून अण्णांची खुर्ची रिकामी, आणि लोक मलाच म्हणायला लागले, मास्तर, भल्या माणसावर खोटा आळ घेतलात!

मला वाटलं, साक्षीला आक्का आहे. पुस्तक काखोटीला मारून एसटीनं ढोकीला तिच्या सासरी गेलो. ती भाकरी थापत होती.

“आक्का, चल. नवरी पुस्तकात होती, एवढं अण्णांना सांग.”

तिचा हात थांबला. “नव्हती रं.”

“मग तू वाचायचीस ते?”

“मला कुठं वाचता येतंय? चित्र बघायची अन् मनानं सांगायची. मधनंमधनं पान उलटायची.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तू मला शिकलेली समजायचास. बरं वाटायचं.”

मी उगाच पुस्तकाची पानं चाळत बसलो. तीच म्हणाली, “खरं काय हाय त्यात? वाच की.” वाचलं. भाकरी उलटत तिनं ऐकलं. “लई फिकं हाय रं,” म्हणाली.

परत आलो तो थेट अण्णांच्या दारात.

“अण्णा, चुकलं माझं. नवरी पुस्तकात नव्हतीच.”

“मग कुठं होती?”

“आमच्या आक्काच्या डोक्यात. तिला वाचता येत न्हाय. सगळं मनचं सांगायची.”

अण्णा हसतील असं वाटलं होतं. ते हसले न्हाईत.

“अजून येत न्हाय वाचता?”

“न्हाय.”

“आणि तुम्ही शाळा सुटल्यावर काय करता, मास्तर?”

आता खोटं तरी काय बोलणार? खाली बघत म्हणालो, “प्रौढांना अक्षरओळख शिकवतो.”