मलिंडा गाडीत बसली

मलिंडा श्लाबाखबरोबर मी नऊ वर्षं काम केलं. ओहायोत, माउंट होपच्या रस्त्याला आमचं हॉटेल. ती बाहेर वाढायला, मी आत बटाट्याच्या पातेल्यांपाशी. ती आमिश, मी मेनोनाइट; दोन्ही साध्या राहणीचे ख्रिस्ती पंथ. म्हणजे माझ्या दारात गाडी उभी असते आणि तिच्या दारात घोडा. चोपन्न वर्षांची, उंच, हाडापेराने भक्कम बाई. नवरा लाकडाच्या गिरणीत अपघातात गेला, तेव्हापासून कामाला लागलेली.

आमच्याकडे लांबलचक टेबलं. एकमेकांना न ओळखणारी बारा माणसं एका टेबलाला बसतात आणि चिकनचे, नूडल्सचे, शेंगांचे वाडगे हातोहात फिरवतात. मलिंडा ट्रकवाल्यालाही सोडायची नाही. "भाऊ, आपल्याच ताटात काय बघताय? शेजारणीला बटाटा द्या की," म्हणायची. आणि तोही निमूट द्यायचा.

ऑक्टोबरातला मंगळवार होता. झाडांचे रंग बघायला निघालेल्यांनी हॉटेल भरलेलं. बाराच्या सुमारास मलिंडा आत आली आणि भिंतीला टेकली.

"एर्मा, सहा नंबरचं टेबल तू घे."

नऊ वर्षांत तिनं आपलं टेबल कुणाला दिलं नव्हतं. "का गं? कुणी काही बोललं?"

"ॲटली आलाय."

ॲटली तिचा धाकटा भाऊ. विसाव्या वर्षी त्यानं बाप्तिस्मा घेतला, म्हणजे मंडळीपुढे, आपल्या चर्चच्या माणसांपुढे, जन्माचा शब्द दिला, आणि बाविसाव्या वर्षी तो मोडून ॲरिझोनाला निघून गेला. मंडळीनं त्याला वाळीत टाकलं. वाळीतल्या माणसाबरोबर एका टेबलाला जेवायचं नाही, त्याच्या हातून काही घ्यायचं नाही, तो चालवत असेल त्या गाडीत बसायचं नाही. बोलायला बंदी नव्हती. पण वडिलांनी त्याची पत्रं न फोडता परत पाठवली, आणि बोलणंही संपलं. एकतीस वर्षं झाली.

"तो तुला भेटायला आलाय?"

"छे गं. त्याला काय माहीत मी इथे असते ते! बायकोबरोबर फिरायला निघालाय. जेवायला थांबलेत." ती एका दमात बोलत होती. "भुवईवर घोड्याची लाथ लागलेली खूण आहे, त्यावरून मी ओळखलं. त्यानं नाही ओळखलं. रिकामा वाडगा माझ्यापुढे धरला, म्हणाला, आणखी नूडल्स मिळतील का? आणि माझा हात मागे गेला."

"मग?"

"मग त्यानं वर बघितलं आणि मला ओळखलं. वाडगा तसाच धरून. सगळं टेबल बघत होतं, एर्मा. मग त्यानं वाडगा खाली टेबलावर ठेवला, आणि मी तो तिथून उचलला."

वाडगा अजून तिच्या हातात होता. मी तो घेऊन भरला. तेवढ्यात मागच्या दारी चाकं करकरली आणि रोमन आत आला.

रोमन सगळ्यांत थोरला भाऊ, आणि मलिंडाच्या मंडळीचा डीकन. कुणाचं पाऊल चुकलं की त्याच्या दारी जाऊन जाब विचारायचं काम डीकनचं. रोमन यायचा म्हटलं की चांगली चांगली माणसं गोठ्यात काम शोधायची. आज त्याची टोपी डोक्यावर धड नव्हती.

"मलिंडा, चल. आईला धाप लागलीय. सकाळपासून तुझं नाव घेतेय."

आई रोमनकडे असायची, सात मैलांवर, त्यांच्या जुन्या घरीच. बाहेर त्याचा घोडा घामानं निथळत होता. त्यानं लगेच उलटं धावणं शक्य नव्हतं. आमिश स्वतः गाडी चालवत नाहीत, दुसऱ्याच्या गाडीत बसतात; पण कामावरच्या पोरींची ने-आण करणारी गाडी तीनशिवाय यायची नाही. माझी गाडी नवरा घेऊन गेला होता, मालक बाजारात. मी फोनवर ओळखीचे दोन नंबर फिरवले, कुणी उचलेना.

"किती वेळ आहे?" मलिंडानं विचारलं.

"मला काय ठाऊक? तू चल."

"दादा."

दारात ॲटली उभा होता, हातात अजून जेवणाचा रुमाल. रोमननं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली.

"आई... आहे अजून?"

एकतीस वर्षांत त्याला एवढंही कुणी कळवलं नव्हतं. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

"आहे," मलिंडा म्हणाली. "पण आता तिची धाप थांबत नाही."

"गाडी बाहेर आहे माझी. दहा मिनिटांत पोचू. ताई, चल ना!"

मलिंडा जागची हलली नाही. गाडीचा नियम ॲटलीला आठवायला क्षणभर लागला, मग त्याचा चेहराच उतरला. "अरे, ती मरतेय तिकडे! आता तरी..."

"आवाज खाली," रोमन म्हणाला, भिंतीकडे बघत.

ॲटलीच्या मागे त्याची बायको येऊन उभी होती. कॉरीन, आखूड केसांची, हिरव्या जाकिटातली. आमची डच म्हणतात ती जुनी जर्मन बोली तिला कळत नव्हती. "काय झालंय? कुणीतरी मला सांगेल का?" मी तिला चार वाक्यांत सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत राहिली.

"म्हणजे यानं गाडी चालवायची नाही, एवढंच ना?"

"एवढंच."

"गाडी भाड्याची आहे. माझ्या नावावर घेतलीय." तिनं ॲटलीपुढे तळहात धरला. "किल्ली दे. आणि रस्ता सांग."

मलिंडानं रोमनकडे पाहिलं. तो नाही म्हणाला असता तर ती गेली असती की नाही, हे मी तेव्हा सांगू शकले नसते. रोमननं टोपी सरळ केली. मग म्हणाला, "घोड्याला पाणी दाखवायला हवं," आणि पाठ फिरवून बाहेर गेला.

मलिंडानं ॲप्रन काढून माझ्या खांद्यावर टाकला आणि धावतच निघाली. मी तिला धावताना पहिल्यांदाच पाहिलं.

पुढचं तिनं मला नंतर सांगितलं. वाटेत मक्याची गाडी आडवी आली. दोन मैल तिच्यामागे रांगत जावं लागलं. आई खिडकीपाशी उशांना टेकवून बसवली होती, डोळे मिटलेले. ॲटली खाटेशी गुडघ्यावर बसला. तिनं डोळे उघडले, त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, भुवईपाशी बोट थांबलं. म्हणाली, "किती वाळलास रे." तो चांगला दोनशे पौंडांचा गडी! तिथेच सगळ्यांना रडू फुटलं.

आई आणखी तीन दिवस जगली. ॲटली आणि कॉरीन रोज यायची. रोमनच्या बायकोनं स्वयंपाकघरात दोन टेबलं चार बोटांची फट ठेवून मांडली आणि वरून एकच चादर अंथरली. पलीकडे ती दोघं जेवायची, अलीकडे बाकीचे. टेबलं दोन होती, त्यामुळे नियम मोडला नाही. रोमन त्या चादरीबद्दल काही बोलला नाही.

आईला माती दिली, ॲटली ॲरिझोनाला परतला. आणि दोन आठवड्यांनी रोमन एका उपदेशकाला घेऊन मलिंडाच्या दारी आला. तिनं कॉफी दिली. कुणी प्यायलं नाही.

"मला विचारायला पाठवलंय," रोमन म्हणाला. "तू ॲटलीच्या गाडीत बसलीस, असं लोक बोलतात."

"बसले. बायको चालवत होती त्याची. गाडीही तिच्या नावावर होती."

"म्हणजे यात चूक काही नाही," म्हणत रोमन घाईघाईनं उठला.

"थांब. तो चालवत असता तरी मी बसले असते. मी उंबऱ्यापाशी पोचेपर्यंत ठरवलं होतं."

उपदेशकानं खाली बघितलं. रोमन परत बसला. "मलिंडा, हे सांगायची काही गरज होती का?"

"तू विचारायला आलास ना?"

पुढच्या रविवारी मलिंडानं मंडळीपुढे गुडघे टेकले. नियम मोडायचं मनात आणलं, याची माफी मागितली. आईकडे गेल्याची मागितली नाही. पाळकानं तिला हात देऊन उठवलं आणि गोष्ट तिथे मिटली.

सोमवारी ती वेळेवर कामाला आली. मी विचारलं, "गुडघे दुखतायत का गं?"

"लाकडी जमीन होती," ती म्हणाली. "आणि रोमन सबंध वेळ रडत होता. मला त्याचंच वाईट वाटलं."

मग तिनं बटाट्याचे दोन वाडगे उचलले आणि बाहेर गेली.