झेंडूखालची काठी

देवीपुढे हात जोडून उभा होतो तेव्हाही माझ्या मनात मेधाचं वाईटच होतं. एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. महाप्याजवळच्या एका छोट्या रुग्णालयात मी भूल देणारा डॉक्टर होतो. श्वासाची नळी घालण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असा माझा समज. मग मेधा आली, भूल देणारीच डॉक्टर, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तिच्याकडे एक लांब, लवचिक काठी होती, टोकाशी जरा वाकलेली. घसा नीट दिसत नसला की ती आधी काठी श्वासनलिकेत सरकवायची आणि मग काठीवरून नळी. अवघड केस आली की सर्जन म्हणू लागले, "मॅडमना बोलवा." एकदा तर मला म्हणाले, "सर, तुम्ही बसा, चहा घ्या." तो चहा मला अजून कडू लागतो.

खंडेनवमीला आम्ही ऑपरेशन थिएटरबाहेर देवीच्या तसबिरीपुढे हत्यारांची पूजा मांडत असू. पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत हलवायचं नाही, म्हणून तातडीला लागणारं सामान कपाटातच राही. त्या वर्षी कुणी नाही असं पाहून मी मेधाची काठी कपाटातून काढली आणि झेंडूच्या फुलांखाली सारली. एकदा तरी तिचं अडू दे. रुग्णाचा विचार मनाला शिवलाही नाही.

त्याच दुपारी पावणे गावाजवळच्या कारखान्यातला एक कामगार आला. कढत वाफ तोंडावर आली होती, घसा आतून सुजत चालला होता. मेधाने आत पाहिलं. सुजेपुढे काही दिसेना.

"माझी काठी कुठंय?"

सिस्टर कपाट उपसू लागल्या. मला ठाऊक होतं. त्याचे ओठ निळे पडताना पाहत मी गप्प उभा राहिलो. शेवटी मनातल्या मनात देवीला म्हणालो, आई, माझ्याच्यानं बोलवत नाही. तूच काय ते कर.

तेवढ्यात दार ढकलून यमुनाबाई आल्या. पावणे गावच्या, आमच्या जुन्या आया. हातात काठी.

"दिवा इझला म्हनून लावाया गेले, तं फुलांत ही गावली. घ्या मॅडम, देवीला काय घाई नाय."

मेधाने ती स्पिरिटने पुसून आत घातली. "श्वासनलिकेच्या कड्यांची खडखड लागतेय, बरोबर जागी आहे. सर, नळी तुम्ही सरकवा. तुमचा हात हलका आहे."

माझा हात! मी नळी सरकवली. त्याची छाती वर आली.

बाहेर त्याची बायको माझ्या पाया पडायला वाकली, तेव्हा मात्र मला सोसवेना. मेधाला बाजूला नेऊन सगळं सांगितलं.

"तो गेला असता, सर."

"हो."

"काठी आता कपाटातच राहील. पूजेत दुसरं काय ठेवायचं ते तुम्ही बघा."

दिवा वाऱ्याने विझला असेल. दाराची सारखी उघडझाप चालली होती. मी वाद घालत नाही. मला एवढंच कळतं की मी गप्प राहिलो आणि तरीही देवी धावून आली, माझ्यासाठी नव्हे, त्याच्यासाठी. त्यातच मीही वाचलो. त्या संध्याकाळी पूजेत ठेवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. काठीच्या रिकाम्या जागेवर मी दोन्ही हात पालथे टेकवले. यमुनाबाईंनी काही न विचारता त्यांवर हळदकुंकू वाहिलं.