आधी मालकांनी लटकायचं

वंदना रामटेकेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा ठेकेदार दहिया हवेत लटकत होता. कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता-पायजमा, बोटांत अंगठ्या, पाय जमिनीपासून वीतभर वर आणि अंगात सेफ्टी बेल्ट. उंचावर काम करणाऱ्याने खांद्यांपासून मांड्यांपर्यंत चढवायचा हा पट्ट्यांचा जामानिमा दहिया आपल्या माणसांसाठी ढिगाने विकत घेत असे, पण स्वतःच्या अंगाला त्याने तो कधी लावला नव्हता. बेल्टचा दोर आमच्या शेडच्या तुळईला बांधलेला होता आणि खाली एक ठेंगणी, जाड वेणीची बाई खिशातले भाजके चणे खात त्याची विचारपूस करत होती.

"दहिया जी, कहाँ चुभ रहा है?"

"मैडम जी, सारे ही चुभै सै. इब तो उतार दो."

"बस, हो गया. आपके लोग इसी में शाम तक काम करते हैं."

खाली उतरल्यावर दहिया बराच वेळ मांड्या चोळत बसला आणि मग त्याने तिथूनच फोन करून गादीवाले चांगले बेल्ट मागवले. त्याचे बेल्ट रद्दी आहेत हे मी कित्येक वर्षं त्याला सांगत होतो. तो "हाँ जी, हाँ जी" म्हणत चहा प्यायचा आणि निघून जायचा. मी मेंटेनन्सच्या दारात उभा राहून हे सगळं पाहिलं आणि माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू? हे मला सुचायला हवं होतं.

आमचा कारखाना मानेसरला, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा. मी तिथल्या मेंटेनन्सचा प्रमुख. छत, रंग, टाक्यांची सफाई, वायरिंग अशी धोक्याची कामं आम्ही ठेकेदारांना देतो. कामाबरोबर धोकाही दिला अशी सगळ्यांची सोयीची समजूत. वंदना नागपूरहून दिल्लीला आलेली. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, आणि ही आमच्याकडे सेफ्टी ऑफिसर. आल्या आल्या तिने नियम केला की उंचावरचं काम हवं असेल त्याने आधी स्वतःच्या बेल्टमध्ये स्वतः लटकायचं. "आधी मालकांनी लटकायचं, सर. पोरांचा नंबर मग," असं ती मला मराठीत सांगे आणि ठेकेदारांना हिंदीत. दोन्ही भाषांत आवाज तेवढाच खणखणीत.

मी या कारखान्यात केस पांढरे केले, पण ठेक्यावरच्या माणसांना माझं लिमये हे आडनाव कधी पेललं नाही. त्यांच्यासाठी मी "मेंटेनेंस वाले साहब". हिला मात्र सहा महिन्यांत सगळे "वंदना मैडम" म्हणू लागले. ठेक्यावरच्या लोकांच्या कॅन्टीनमध्ये तिच्यासाठी बाकावर जागा धरलेली असे. आमचे प्लांट हेड खुराणासाहेब पूर्वी "लिमये से पूछ लो" म्हणायचे, ते आता "वंदना से पूछ लो" म्हणू लागले.

हे लोण घरापर्यंत आलं. आमच्या गुरुग्रामच्या फ्लॅटमध्ये एसीवाला आला आणि बाहेरचं यंत्र बघायला खिडकीतून बिनधास्त एक पाय बाहेर टाकू लागला, तशी शुभदा, माझी बायको, त्याच्या शर्टाला धरून उभी राहिली. "भैया, पहले बेल्ट. नहीं तो आपके मालिक को बुलाओ, पहले वो लटकेगा." आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात वंदनाने तिला हे पढवलं होतं.

"मी जन्मभर हेच सांगत आलो, तेव्हा नाही कधी ऐकलंस," मी म्हणालो.

"तुम्ही सांगता तेव्हा तुमच्या कंपनीचं सांगता. ती माणसाचं सांगते," शुभदा म्हणाली आणि एसीवाल्याला पाणी द्यायला गेली.

दर जानेवारीत आमचं मराठी मंडळ बस करून पानिपतला काला अंबला जातं. तिथे स्मारकापाशी लढाईवर भाषण करायचं काम माझं. बरं बोलतो मी, दरवर्षी दोन-चार डोळे ओले होतात. त्या वर्षी वंदनाही आली होती. मी सैन्याची कोंडी, उपासमार असं रंगवत "आणि बरोबर हे हजारो बाजारबुणगे" इथपर्यंत आलो, तेवढ्यात तिने शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

"सर, बाजारबुणगे म्हणजे सामान वाहणारे, भटारखान्यातले, बैलगाड्यावाले, हेच ना? म्हणजे ठेक्यावरचे. त्यांची जबाबदारी कोणाकडे होती?"

माझं भाषण तिथेच बसलं. परतीच्या वाटेवर सबंध बस लढाईबद्दल नाही, तर त्या बाकीच्या माणसांबद्दल बोलत होती. मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो. ती माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली आणि चणे पुढे करत म्हणाली, "सर, काहून रागावून राहिले? मला खरंच माहीत नव्हतं. माझे काका तिकडे एका कारखान्यात ठेक्यावर होते. वरून पडले. कंपनी म्हणे ठेकेदाराचा माणूस. ठेकेदार म्हणे मी फक्त माणसं पुरवतो. काकूला शेवटपर्यंत कळलं नाही की भांडायचं कोणाशी. म्हणून मी म्हणते, गेटच्या आत आला ना, मग तो आपला झाला."

मी चणे घेतले. वाईट वाटलंच. पण त्याच्या पाठोपाठ असंही वाटलं की हिच्याकडे हे सगळं करायला कारणसुद्धा आहे. माझ्याकडे नुसती नोकरी होती. मला तिच्या कारणाचाही हेवा वाटला, आता याला काय म्हणावं!

त्याच वर्षी कंपनीने ठरवलं की आपल्या तिन्ही कारखान्यांतल्या ठेक्याच्या कामांवर एकच प्रमुख नेमायचा. ती खुर्ची माझी, असं मी धरूनच चाललो होतो. दिवाळीच्या शटडाउनमध्ये आमच्या मोठ्या शेडचं छत बदलायचं होतं. यंत्रं बंद असतात तेवढ्याच दिवसांत ते काम उरकून लाईन वेळेवर सुरू केली की खुर्ची पक्की, असा माझा हिशेब होता. काम अर्थातच दहियाला दिलं.

शटडाउनच्या पहिल्या सकाळी वंदना गेटवर उभी राहून आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती, "किसके आदमी हो?" एकानेही दहियाचं नाव घेतलं नाही. दहियाने काम दुसऱ्याला दिलं होतं आणि त्या दुसऱ्याने तिसऱ्याला.

"मेरे ही समझो, मैडम जी," दहिया हसत म्हणाला.

"समझना नहीं है, दहिया जी. इनका मालिक जो है, उसको बुलाइए. लटकेगा."

तो तिसरा मालक फरीदाबादहून येऊन लटकेपर्यंत दुपार झाली. तोवर तिने त्या माणसांना मैदानात बसवलं. आमच्या छतावर सिमेंटचे पत्रे आणि उजेडासाठी मधून मधून प्लॅस्टिकचे. वर्षानुवर्षांच्या धुळीने दोन्ही सारखेच दिसायचे. तिने एक जुना प्लॅस्टिकचा पत्रा दोन विटांवर ठेवला आणि त्यावर पाय दिला. पाय आरपार गेला. मग तिने जाहीर केलं की वर चालायला फळ्या टाकायच्या आणि खाली, यंत्रांच्या वर, सगळीकडे जाळी बांधायची. त्याशिवाय काम सुरू करायच्या परमिटवर ती सही करणार नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तडक खुराणासाहेबांकडे गेलो. फळ्या आहेत, बेल्ट आहेत, वर आणखी जाळी कशाला? लाईन सुरू व्हायला उशीर झाला तर मी जबाबदार नाही. त्यांनी ऐकून घेतलं, तिला बोलावलं, तिचंही ऐकलं आणि मला म्हणाले, "लिमये, जाली लगवाओ यार."

ठीक आहे, मी मनात म्हटलं, लावतो. अशी लावतो की हिला बोट ठेवायला जागा मिळणार नाही. दुसऱ्या सकाळी जाळी बांधायला घेतली, तेव्हा कडेची प्रत्येक गाठ स्वतः बघायची असं ठरवून मी सिझर लिफ्टकडे, म्हणजे माणसाला वर उचलणाऱ्या पाळण्याकडे निघालो, तर ही आडवी.

"सर, बेल्ट. आणि आधी मालकांनी लटकायचं. या कामाचे मालक तुम्हीच ना?"

ठेक्यावरच्या सगळ्या माणसांदेखत मी लटकलो. दहिया तोंडावर रुमाल धरून हसत होता. पट्टा भयंकर रुततो, हे त्या दिवशी मला कळलं. उतरलो तो धुमसतच, आणि मग दिवसभर छताखाली फिरत एकेक गाठ ओढून बघितली. सैल दिसली की सोडून पुन्हा बांधायला लावली. एवढं मन लावून काम मी कित्येक वर्षांत केलं नसेन. संध्याकाळी वंदनाने टॉर्च घेऊन सगळी जाळी तपासली. एकही गाठ सैल निघाली नाही. "मस्त झालं, सर," एवढंच म्हणून तिने सही केली. मला फार बरं वाटलं.

काम निम्म्यावर आलं असताना, एका दुपारी, जेवणानंतर वर कडाड् असा आवाज झाला आणि शेडमध्ये एकदम उन्हाचा चौकोन पडला. रामप्रवेश नावाचा बिहारचा माणूस बेल्टचा हुक एका दोरीतून काढून दुसरीत अडकवत होता. त्या मधल्या क्षणात त्याचा पाय फळीवरून घसरला, प्लॅस्टिकच्या पत्र्यावर पडला आणि तो पत्र्यासकट खाली आला. जाळी खूप खोल गेली. खाली प्रेसचं लोखंडी यंत्र होतं. मग जाळी वर आली आणि तो त्यात हेलकावे खात राहिला. थोड्या वेळाने त्याचाच आवाज आला, "साहब, पाना नीचे गिर गया. किसी को लगा तो नहीं?"

मी खाली फरशीवरच बसलो. वाचला, वाचला, एवढंच डोक्यात. आणि त्याच्यामागून, अगदी लगेच, दुसरा विचार आला की ही पुन्हा बरोबर ठरली.

रामप्रवेशला खाली घेतलं, डॉक्टरांनी तपासलं, खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. सगळे वंदनाभोवती जमले. दहियाने तिच्यासमोर हात जोडले, खुराणासाहेब "शाबाश, शाबाश" म्हणत होते. तेवढ्यात ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "जाली मैंने बोली थी. गाँठें लिमये सर की हैं. मेरे कहने से इतनी कसके नहीं बँधतीं."

सगळे माझ्याकडे वळले. टाळ्या वाजल्या. रामप्रवेश लंगडत आला आणि माझा हात धरून उभा राहिला, बराच वेळ सोडेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तरीही सांगतो, माझ्या वाट्याची शाबासकी तिच्या हातून मिळाली हे मला खुपलंच.

खुर्ची तिला मिळाली. पेढे वाटायला ती आधी माझ्याकडे आली. मी पेढा घेतला आणि तिचं अभिनंदन दाराकडे बघत केलं. त्यानंतर मात्र मी एक व्रतच घेतलं. तिने पास केलेलं प्रत्येक काम, प्रत्येक जाळी, प्रत्येक शिडी मी मुद्दाम जाऊन तपासायचो. हिची एक चूक सापडू दे, एवढीच इच्छा. वर्षं गेली, पण एक गाठ सैल सापडली नाही.

मग तिच्या नवऱ्याची बदली नागपूरला झाली. निरोपाच्या दिवशी ठेक्यावरची माणसं गेटपर्यंत तिला सोडायला आली आणि दहिया तर लहान मुलासारखा रडला. रिकाम्या झालेल्या खोलीत ती चण्यांची पुडी माझ्यापुढे करून म्हणाली, "सर, खुराणासाहेबांना मी तुमचं नाव सांगितलं. खुर्ची तुम्हालाच."

मिळाली, तीही हिच्याच हातून.

"एक सांगू? रागावू नका. तुम्ही माझ्यावर जळत होते, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही चूक शोधायला येणार म्हणून मी प्रत्येक काम दोनदा पाहायची. सगळे मॅडम मॅडम करून राहिले होते, मी कधीच सैल पडली असती. मला तुम्ही होते. आता तुम्हाला कोण आहे?"

तिने पुडी माझ्या हातात ठेवली आणि ती खाली गेली. तिची टॅक्सी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी खिडकीत उभा होतो.

आता त्या खुर्चीवर मी आहे. ठेकेदार आपण होऊन लटकतात, सगळे "यस सर" म्हणतात. माझ्या जुन्या जागी कुलविंदर नावाचा तरतरीत माणूस आला आहे. ही खुर्ची त्यालाही हवी होती आणि तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. गेल्या शटडाउनला जाळी मी पास केल्यावर तो मुद्दाम लिफ्टवर चढला आणि सगळ्यांदेखत वरून ओरडला, "सर, ये वाली ढीली है." आवाजात जो आनंद होता तो मी लगेच ओळखला, माझ्याच घरचा होता.

गाठ बांधून घेतली आणि बाहेर येऊन वंदनाला फोन लावला. म्हटलं, "मिळालं बाई मला कोणीतरी."

ती खूप हसली. "किती सैल निघाल्या?"

"एकच."

"माझ्या वेळी तुम्हाला एकपण सापडली नव्हती, सर."

मी फोन ठेवला, बेल्ट चढवला आणि सगळी जाळी पुन्हा पहिल्यापासून बघायला वर गेलो.