उनपदेवच्या कढत पाण्यात

धुळ्याहून मोटार सुटली तेव्हा नुकते उजाडत होते. थंडीचे दिवस, आणि सकाळी माझे सांधे लाकडासारखे होत. यजमानांनी दंडाला धरून मला पायरी चढवली. आम्ही सातपुड्याच्या पायथ्याशी, उनपदेवच्या गरम झऱ्याला निघालो होतो.

संधिवातावर मुंबईच्या डॉक्टरांनी दिलेल्या सोन्याच्या क्षाराच्या इंजेक्शनांनी सुरुवातीला मला पुन्हा माणसांत आणले होते. पुढे ती लागू पडेनाशी झाली. गोळ्यांनी पोट जळे. मग कोणीतरी यजमानांना या पाण्याविषयी सांगितले. माझा विश्वास नव्हता. त्यांचा होता, म्हणून मी निघाले.

अमळनेरपर्यंत दोन्हीकडे फुटलेला कापूस होता. तापी ओलांडल्यावर केळीच्या बागा लागल्या आणि हवेला ओलसर वास आला. चोपड्याला मोटार बदलली, अडावदला उतरलो, आणि तिथून दमणी (छपराची हलकी बैलगाडी) केली. वाट दगडांची. एका धक्क्याला मी ओरडलेच. गाडीवान खाली उतरला आणि बैलांच्या पुढे चालू लागला.

"हळूहळू जाऊत, माय," तो म्हणाला. "देव काही पळी जात नही."

दगडी गोमुखातून कढत पाणी कुंडात पडत होते. बायकांच्या बाजूला धरणगावकडच्या एक अक्का गुडघाभर पाण्यात बसल्या होत्या. त्यांची बोटेही माझ्यासारखीच वाकलेली.

"गुण येतो का हो, अक्का?"

"पानीमा शे तवलोंग (तोवर) बरं वाटस," त्या हसल्या. "भाईर निंघनं का तेच!"

मी गळ्यापर्यंत उतरले. हळूहळू आतले काहीतरी सैल झाले आणि उजव्या हाताची मूठ मिटली. किती महिन्यांनी! बाहेर येऊन ती यजमानांना दाखवली, तर त्यांचे डोळे भरून आले. जेवताना कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) मोडता मोडता ते महिनाभर इथेच राहण्याचे बेत करू लागले.

सकाळी देवळाच्या ओवरीत जाग आली तेव्हा बोटे पुन्हा आखडली होती. यजमान म्हणाले, "आज जास्त वेळ बस." बसले. अंग लाल झाले, भोवळ आली. पाण्याबाहेर येताच हात होते तसे.

"अहो, पुरे आता," मी म्हणाले. "पाणी फार सुखाचं आहे. पण हे औषध नव्हे. आणखी शोधू नका."

ते हलक्या आवाजात म्हणाले, "मग मी करू तरी काय?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे विचारले नव्हते, आणि मीही सांगितले नव्हते. माझे ओले केस मोकळेच होते. हात डोक्यापर्यंत जात नसत. घरी मी दार लावून केसांशी झगडत असे. मी फणी पुढे केली. "केस बांधा."

त्यांनी आजूबाजूच्या यात्रेकरूंकडे पाहिले, मग फणी घेतली. केस पिळून घट्ट आवळू लागले. अक्कांना हसू आवरेना.

"नाना, दोरखंड वळी ऱ्हायनात का? जरा ढिल्ला बांधा!"

तेही हसले. परतीच्या मोटारीत अमळनेरच्या अलीकडेच अंबाडा सुटला. त्यांनी तो भरल्या मोटारीत पुन्हा बांधला. या वेळी कोणाकडे पाहिले नाही.

धुळ्याला पोचताच शेजारच्या वहिनींनी विचारले, "गुण आला का?"

"नाही आला," मी म्हणाले. हे म्हणणे जड जाईल असे वाटेभर वाटत होते. तितके गेले नाही. दुखणे माझ्याबरोबर घरी परतले होते, पण ते आता मी एकटीने वाहायचे नव्हते.

यजमान कुलूप काढत म्हणाले, "तू बस. चहा मी टाकतो."