धानाच्या काट्यावर मोजलेल्या कॅलऱ्या

वजन गुणिले किलोमीटर. बस, एवढंच सूत्र होतं, आणि नववीच्या वर्षी त्यानं मला पार येडं करून सोडलं. आमच्या खेळाच्या सरांनी ते फळ्यावर लिहून दिलं होतं. जेवढे किलो वजन, त्याला धावलेल्या किलोमीटरनं गुणा, तेवढ्या कॅलऱ्या जळाल्या असं समजा. माझं वजन साडेअडतीस. शाळेपासून वैनगंगेच्या घाटापर्यंत तीन किलोमीटर, परत येताना तीन. म्हणजे दोनशे एकतीस! रोज सकाळी मी एकटी दोनशे एकतीस कॅलऱ्या जाळते आणि गावात कोणालाच त्याची खबर नाही, या विचारानंच मला हसू फुटायचं.

मग मला दिसेल त्याला गुणायची खोड लागली. पळालेल्या म्हशीमागे भाऊ धावला, त्याला गुणलं. सुटलेल्या एसटीमागे मुख्याध्यापक धावले, त्यांचं वजन अंदाजे ऐंशी धरून त्यांनाही गुणलं आणि आकडा वर्गात जाहीर करून छडी खाल्ली. मायला समजावून सांगितलं तर ती चुलीपुढून म्हणाली, "जयते म्हंतेस, मंग धूर काऊन नाई निघत?"

पण या सगळ्यात एक काटा होता. सरांनी मला जिल्ह्याच्या शर्यतीसाठी निवडलं होतं आणि सोबत ताकीद दिली होती. "जेवढं जाळशील तेवढं खा. अडतीसच्या खाली गेलीस तर नाव काढून टाकीन." माय तर त्याचीच वाट पाहत होती. पोरीच्या जातीनं भल्या सकाळी सडकेनं धावावं, हे तिला मुळातच पटत नव्हतं. शर्यत हुकली तर मी जगणार नाही, असं मला त्या वयात अगदी खरंच वाटत होतं.

गावात माणसाचं वजन करायला काही नव्हतं. धान मोजायचा काटा मात्र होता, भातगिरणीत, आणि त्या काट्यावर माझे बाबा बसायचे. धानाच्या वजनातून पोत्याचं आणि ओलीचं म्हणून जे कापतात, त्याला कडता म्हणतात. कडत्यात बाबा मूठभरही जास्त कापत नाहीत, असा त्यांचा चार गावांत लौकिक होता. दर रविवारी मी पोत्यांच्या मधोमध त्या काट्यावर चढायची. धान मोजताना पहिल्या मापाला एकऐवजी म्हणतात तसं बाबा "लाभ" म्हणायचे, फक्त त्यांच्याच बाजूनं दिसणारी दांडी बारकाईनं बघायचे आणि कागदावर आकडा लिहून द्यायचे. तोच कागद सोमवारी सरांकडे जायचा.

साडेअडतीस. पुढच्या रविवारी एकोणचाळीस. मग पुन्हा साडेअडतीस. माय कागद बघून कपाळाला हात लावायची. "हाडं निघून राह्यली पोरीची!" आमच्याकडे मासोळीचं कालवण व्हायचं तेव्हा बाबांना आणि दोघा भावांना दोन-दोन तुकडे मिळत, मला आणि मायला एक-एक. आता माझ्याही ताटात दुसरा तुकडा पडायला लागला, वर भाताचा एक डाव जास्त. मी ते सगळं वहीत मांडायची, जळालेल्या बाजूला हे आणि खाल्लेल्या बाजूला ते. दिवाळी गेली, संक्रांत गेली, काटा तिथल्या तिथं. माझा हिशेब इतका अचूक बसला होता की मी मैत्रिणींना सल्ले देत फिरायची. शाळेचा झगा काखेत काचायला लागला, तर मी धुण्याच्या साबणाला दोष दिला.

शर्यतीच्या दिवशी जिल्ह्याच्या मैदानावर डॉक्टरीणबाईंनी आधी सगळ्यांचं वजन केलं. माझ्या वेळी त्या म्हणाल्या, "त्रेचाळीस."

"तुमचं मशीन बिघडलं आहे," मी ठणकावून सांगितलं. "मी साडेअडतीसची आहे. वही दाखवू?"

सर पुढे झाले, स्वतः मशीनवर चढले, आपलं वजन नेहमीएवढंच भरलेलं बघून खाली उतरले. मग माझ्याकडे बघून त्यांना जे हसू लोटलं ते आवरेना. मला मात्र रडू येत होतं, कारण माझी अख्खी वही खोटी ठरली होती. त्याच तिरीमिरीत मी धावले आणि तिसरी आले. तिसरी! परतीच्या एसटीत मी खिडकीतून दिसेल त्याला ओरडून नंबर सांगत होते.

घरी सगळे जेवायला बसले होते. मी दारातूनच म्हणाले, "बाबा, तुमचा काटा खोटा आहे. साडेचार किलो कमी दाखवतो."

बाबांच्या काट्याला खोटं म्हणायची कोणाची छाती नव्हती. बाबांनी हातातला घास खाली ठेवला.

"काटा खरा हाये," ते म्हणाले. "कडता म्या कापला."

"मी काय पोतं आहे?"

"त्रेचाळीस लिवलं असतं, तं दुसरा तुकडा पडला असता काय तुया ताटात?" मग हळूच म्हणाले, "अन् अडतीसच्या खाली म्या कदी जाऊ देल्लं नाई."

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. ज्या माणसानं काट्यावर कोणाला कधी फसवलं नाही, तो माझ्यासाठी दर रविवारी खोटं लिहीत होता. मायकडे बघायचा मला धीर होत नव्हता. ती डाव हातात धरून तशीच बसली होती.

"तिसरी आली म्हंतेस?" तिनं विचारलं.

"हो."

तिनं कालवणाच्या गंजातून मासोळीचे दोन तुकडे काढून माझ्या ताटात घातले. मग थोडा विचार करून आणखी एक काढला आणि तो स्वतःच्या ताटात घातला. त्यानंतर आमच्या घरी तुकडे सगळ्यांना दोन-दोन झाले, आणि वजनाचा कागद तिनं पुन्हा कधी मागितला नाही.